लाकडी बैल आणि खिरापत : झाडीपट्टीतील मुलांच्या सणांचा इतिहास

विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा भरतो. मोठ्यांनी आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे जे जे केले, ते सारे मुले लाकडाच्या बैलाचे करतात. बैल पुसायचा, शिंगे रंगवायची, अंगावर झूल घालायची, तोरणाखाली रांगेत उभा करायचा, पूजा झाली की दोरी धरून घरोघर न्यायचा आणि बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागायचा. विषय एकच, आणि पोशाख, सजावट, खाऊ, खेळ हे सगळे त्याच्याभोवती घरच्या हातांनी रचलेले. शहरी घरांत आज एखादी कल्पना ठरवून मुलांचा वाढदिवस सजवतात. झाडीपट्टीतील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत तशी रचना असलेले मुलांचे सण कितीतरी आधीपासून आहेत, आणि त्यांची सामग्री दुकानातून नव्हे, शेतातून व जंगलातून येत आली आहे.

तान्ह्या पोळ्याचा उगम परंपरेने नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराशी जोडला जातो. दुसरे रघुजी भोसले १७८८ ते १८१६ या काळात नागपूरच्या गादीवर होते. बैलाचे मोल मुलांना लहानपणीच कळावे म्हणून त्यांनी लाकडी बैलांचा हा सण सुरू केला, असे सांगितले जाते. चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्य त्याआधीच, १७५१ च्या सुमारास, पहिल्या रघुजींच्या काळात भोसल्यांकडे गेले होते. त्यामुळे दरबाराची एखादी प्रथा या मुलखात उतरायला वाट मोकळी होती. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा हा ब्रिटिश जिल्हा झाला. सण मात्र राज्याबरोबर गेला नाही. तो शेतकऱ्याच्या अंगणातला होऊन गेला होता. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आजही माणसाहून मोठ्या लाकडी बैलांसाठी प्रसिद्ध आहे. झाडीपट्टीत एवढे मोठे बैल क्वचितच दिसतात. इथला बैल मुलाला ओढता येईल एवढाच असतो.

सणाची वेळ शेतीने ठरवली आहे. झाडीपट्टी हा धानाचा मुलूख आहे. आषाढ-श्रावणात बांध्यांमध्ये चिखलणी होते, मग रोवणी, आणि या कामात बैलाचा खांदा सर्वांत जास्त झिजतो. रोवणी आटोपत आली की पोळा येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि तुपाने शेकतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. शिंगांना रंग व बेगड, गळ्यात घुंगरमाळा, नवी वेसण, पाठीवर झूल अशा थाटात जोड्या गावच्या तोरणाखाली येतात. तिथे झडत्या म्हटल्या जातात. एकाने म्हणायची आणि दुसऱ्या बाजूने तिला तोडीस तोड उत्तर द्यायचे, असा हा तोंडी काव्याचा सामना असतो. त्यात देवाचे नमन असते, पावसापाण्याची स्थिती असते आणि सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांवर बोललेले असते. मुले हे पाहतात, ऐकतात आणि चोवीस तासांच्या आत स्वतः करतात. तान्ह्या पोळ्याचे शिक्षण म्हणून जे मोल आहे, ते याच लगेच केलेल्या अनुकरणात आहे.

लाकडी बैल गावचा सुतार घडवी. आलापल्ली आणि बल्लारपूर ही नावे सागवानासाठी देशभर ओळखली जातात, अयोध्येच्या राममंदिरासाठीही २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेले. पण मुलाच्या बैलाला निवडक लाकूड लागत नसे. नांगर, वखर, बंडी यांच्या कामातून उरलेला तुकडा पुरे होई. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, तरी मध्य प्रांतात घरगुती व शेतीच्या गरजेपुरते लाकूड घेण्याचे निस्तार हक्क लोकांकडे काही प्रमाणात राहिले, आणि सुताराकडे तुकडे येत राहिले. बैलाला फळीवर उभे करून खाली चार चाके लावतात, पुढे दोरी बांधतात. एकदा घडवलेला बैल वर्षानुवर्षे टिकतो. थोरल्याचा धाकट्याकडे जातो, बापाचा मुलाकडे येतो, आणि दर वर्षी नवा होतो तो फक्त रंग व साज. हा साज घरी होतो. जुन्या लुगड्याच्या काठाची झूल, मण्यांची माळ, कागदी फुले, शिंगांना चकाकी. मुलेही सजतात. डोक्याला फेटा, धोतर, हातात बैल हाकायची छोटी तुतारी असा शेतकऱ्याचा वेष जुना आहे, आणि गावागावांत वेशभूषेची स्पर्धा लागू लागल्यापासून शिवाजी महाराज, राधा-कृष्ण, सैनिक असे वेषही आले.

पोळ्याच्या स्वयंपाकात पुरण आणि करंजी यांना मान आहे. काही घरांत त्याच दिवशी पिठोरीचे व्रत असते. आई पक्वान्नाचे ताट डोक्यामागे धरून ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि मूल ‘मी’ म्हणून ते घेते. मुलांना केंद्रस्थानी ठेवणारा हा विधी तान्ह्या पोळ्याच्या आदल्याच दिवशी यावा, ही रचना फार सुंदर आहे. तान्ह्या पोळ्याला दारात बैल घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाला काही ना काही मिळतेच. कुठे नाणे, कुठे करंजी, कुठे मूठभर फुटाणे. बोजारा ही मुळात शेतात राबणाऱ्या माणसाला सणानिमित्त मिळणारी भेट. मुले ती मागतात तेव्हा तीही कष्टकऱ्याच्याच भूमिकेत असतात.

गडचिरोलीच्या ईशान्येला, कोरची-कुरखेड्याच्या बाजूला, छत्तीसगडी वळण दिसू लागते. छत्तीसगडात याच सुमारास पोरा होतो. तिथे मुलग्यांसाठी मातीचे बैल आणि मुलींसाठी मातीची जाती व चुलीभांडी असतात, आणि ठेठरी, खुरमी घरोघर तळली जाते. तिथला दुसरा खेळ गेडीचा. बांबूला पाय ठेवायला आडवे टेकण बांधून मुले चिखलातून उंच पावले टाकत चालतात. हरेलीच्या सणाला गेडी चढायची आणि पोरा झाल्यावर ती सोडायची, असा महिन्याभराचा हा काळ. बांबूच्या या प्रदेशात गेडीला पैसा लागत नाही, कोयता आणि दोरी पुरते.

तान्हा पोळा मुख्यतः मुलग्यांचा म्हणून वाढला. मुलींचा सण भुलाबाईचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर तो चालतो. पश्चिम महाराष्ट्रातील हादगा-भोंडल्याचा तो नातलग, पण इथे मातीचे भुलाबाई आणि भुलोबा बसवतात आणि भोवती ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. वरोरा-भद्रावतीकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात हे धांडे घरच्याच शेतातून येतात. रोज संध्याकाळी मुली एकेका घरी जमतात, टाळ्या-टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत येते.

खिरापत हा या सणाचा गाभा आहे. ती झाकलेल्या डब्यात असते आणि मुलींनी ती ओळखायची असते. डबा हलवून आवाज ऐकतात, गोड की तिखट विचारतात, तळलेले की भाजलेले, कुरकुरीत की मऊ. ओळखू येईपर्यंत झाकण निघत नाही. म्हणून ज्या घरी पाळी, त्या घरची बाई कोणालाही सुचणार नाही असा पदार्थ शोधते. सामान बहुधा साधेच. तांदूळ, पोहे, मुरमुरे, लाह्या, चणे, शेंगदाणे, तीळ, जवस, गूळ, आणि जंगलातून आलेली चारोळी, डिंक, मध. याच वस्तूंतून चिवडा, शंकरपाळे, लाडू, वड्या, साळीच्या लाह्यांचे प्रकार, काही घरांत मोहफुले शिजवून-कुटून केलेले लाडू. कोजागिरीच्या रात्री एकच खिरापत पुरत नाही, अनेक मांडल्या जातात, दूध आटते, आणि घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. आसपासच्या घरांत महिनाभर रोज एक नवा पदार्थ करावा लागणे, तोही ओळखता न येणारा, याने बायकांच्या हातचे पाककौशल्य जितके टिकले आणि एका घरातून दुसऱ्या घरात गेले, तितके ते छापील पुस्तकांनी या भागात टिकवले नसेल. शिवाय रोज खाणाऱ्या मुली पुढे करणाऱ्या होत होत्या. चव ओळखता ओळखता त्या घटक ओळखायला शिकत.

भट्टी नसलेल्या या घरांना भाजणे परके नव्हते. विदर्भातील पानगे आणि रोडगे हे निखाऱ्यावरचे भाजकाम आहे. पानग्यासाठी कणकेचा जाड थापा पळसाच्या दोन पानांत धरून विस्तवात ठेवतात. पान करपते, आतली पोळी भाजते आणि पानाचा वास तिला लागतो. रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, राख झटकून तुपात बुडवतात आणि वांग्याची भाजी व वरणाबरोबर खातात. नवस फेडायला मारुतीच्या पारावर किंवा शेतात रोडग्यांचे जेवण घालतात, आणि तिथे कणीक मळण्यापासून गोवऱ्या रचण्यापर्यंत पुरुष व मुले सारी कामाला असतात. घरच्या चुलीजवळ मुलांना मज्जाव असला तरी रोडग्याच्या जाळाजवळ नसतो. वाढायला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, तेही हातांनीच लावलेले.

संक्रांतीला लहान मुलांचे बोरन्हाण होते. काळे झबले, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. हलवा करणे हे संयमाचे काम. तीळ किंवा खसखस परातीत मंद आचेवर फिरवत ठेवून चमचा-चमचा पाक घालायचा, आणि काटा येईपर्यंत हे दिवसेंदिवस करायचे. या सणाचे एक सोयरेपण फार कमी सांगितले जाते. प्राणहिता-गोदावरीच्या काठावरच्या सिरोंच्याकडे तेलुगू वस्ती मोठी आहे, आणि तेलुगू घरांत भोगीच्या दिवशी लहान मुलांवर अशीच बोरे ओततात. तांदूळ आणि गुळाचे अरिसेलू हे अनारशाचे सख्खे भावंड, तर तांदळाच्या पिठाची तीळ घातलेली वेटोळी सकिनालू तेलंगणातून येतात. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे वसवली गेली. त्यांच्या घरांत पौष संक्रांतीला तांदळाच्या पिठाचे पिठे होतात. धानाच्या या प्रदेशात तीन भाषांची घरे एकाच धान्यावर एकाच सुमारास आपापला सण उभा करतात.

भट्टीतला खाऊ रेल्वे, कोळसा आणि कारखान्यांबरोबर आला. एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला कोळशाची खाण व रेल्वे आली. चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन आले आणि नाताळ साजरा करणारी मराठी ख्रिस्ती घरे तयार झाली. पुढे बल्लारपूरचा कागद कारखाना, १९७५ पासून वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वसाहती आणि १९८० च्या दशकात चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र. या वसाहतींत देशभरची कुटुंबे शेजारी राहू लागली. बेकरीचा घराशी पहिला संबंध नानकटाईने जोडला. रवा-मैदा, पिठीसाखर आणि डालडा घरी फेसून, गोळे करून, ट्रेमध्ये मांडून बेकरीत भाजून आणायचे, ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची जुनी रीत. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या मापांनी नवखे पदार्थही आवाक्यात आणले. केकसाठी ओव्हन लागतो हा समज घराघरांनी मोडला. पातेल्यात वाळू तापवून आत डबा ठेवायचा, झाकणावर निखारे घालायचे. पुढे शिट्टी काढलेला कुकर आला. खाली-वर विस्तव देण्याची युक्ती चुलीवर भाजणाऱ्या बाईला नवी नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत बिस्किटांच्या चुऱ्याचा, इनो घातलेला कुकरचा केक असंख्य घरांतून फुलला.

वाढदिवसाला औक्षणाच्या ताटाशेजारी केक आला आणि दोन्ही नांदू लागले. सजावट मात्र बदलली. थर्माकोल, प्लास्टिकच्या झालरी, भाड्याने मिळणारे पडदे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी केली, तिच्यात थर्माकोलची सजावट आणि ताटे-वाट्याही आल्या. त्यामुळे पत्रावळीला आणि कागद-बांबूच्या सजावटीला पुन्हा वाव मिळाला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिथले शिक्षण घरातल्या अशा लहान कामांनाही उपयोगी पडणारे आहे.

तान्ह्या पोळ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातली बैलजोडी कमी झाली, आणि ज्या मुलाने चिखलणीतला बैल जवळून पाहिलेला नाही, तोही लाकडी बैल ओढतो. शहरांत आता मंडळे, शाळा आणि नगरसेवक हा सण भरवतात, सजावटीला बक्षिसे लागतात आणि बाजारात तयार रंगवलेले बैल मिळतात. पण स्पर्धेत उतरायचे तर बैल सजवावाच लागतो, आणि बहुतेक घरांत ते काम आजही आदल्या रात्री होते. आई झूल शिवते, वडील चाक ठोकून घट्ट करतात, आणि झडती शिकवण्यावर आजोबांचा पहिला हक्क राहतो.