स्वान्स मार्केट सहनिवास, ओकलंड

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या ओकलंड शहरात, जुन्या बाजाराच्या इमारतीत २००० साली वसलेली वीस घरांची कोहाउसिंग, म्हणजे सहनिवास, वसाहत. व्यापारी इमारतीचे घरांत रूपांतर करताना शेजारधर्माचा विचार भिंतींच्याही आधी करावा लागतो, हे दाखवणारे हे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

सहनिवासात प्रत्येक कुटुंबाचे स्वयंपाकघरासह पूर्ण घर असते. त्याखेरीज सर्वांच्या मालकीचे एक सामायिक घर असते. तेथे मोठे स्वयंपाकघर, पंगतीची जागा, पाहुण्यांची खोली अशा सोयी असतात आणि आठवड्यातील काही संध्याकाळी आळीपाळीने रांधलेले जेवण सगळे एकत्र जेवतात. आपल्याकडील सहकारी गृहनिर्माण संस्थेशी याची गल्लत होऊ नये. आपली संस्था मालकी आणि देखभाल सांभाळते. तिचे सभासद बहुधा बिल्डरने आखलेल्या घरांत राहायला येतात. सहनिवासात राहणारी माणसे आधी एकत्र येतात आणि आराखड्यावर त्यांचा हात फिरल्यावरच घरे उभी राहतात.

ही कल्पना डेन्मार्कची. मुलांना शंभर आईवडील हवेत, अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख बोडिल ग्रे यांनी १९६७ मध्ये लिहिला. त्याच सुमारास वास्तुविशारद यान गुडमन-होयर अशा वस्तीसाठी धडपडत होते. १९७२ मध्ये सेट्टेडामेन ही पहिली वसाहत उभी राहिली. रोस्किल्ड येथे १९८१ मध्ये बंद पडलेल्या लोखंडी ओतशाळेत यर्नस्टबेरीट वसले, तेव्हा मोकळ्या जमिनीवाचूनही हे जमते हे सिद्ध झाले. कॅथरिन मॅकॅमंट आणि चार्ल्स ड्युरेट या वास्तुविशारद दांपत्याने या वसाहतींचा अभ्यास करून १९८८ मध्ये पुस्तक काढले आणि ‘कोहाउसिंग’ हा शब्द इंग्रजीत रुळवला. ओकलंडला लागून असलेल्या एमरीव्हिलमध्ये १९९२ साली जुन्या औद्योगिक इमारतीत डॉइल स्ट्रीट ही बारा घरांची वसाहत झाली. काही वर्षे ते दोघे स्वतः तिथे राहिले.

स्वान्सची इमारत १९१७ पासून १९४० पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. पांढऱ्या चकचकीत विटांची दर्शनी भिंत आणि तिच्यावर अन्नपदार्थांची रंगीत टेराकोटा पदके, हे तिचे रूप ओकलंडकरांच्या डोळ्यांत भरलेले होते. पण मध्यवस्तीला उतरती कळा लागली तसा बाजारही १९८०च्या दशकात बंद पडला. इमारतीच्या पुनर्वापराचे काम ईस्ट बे एशियन लोकल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या ना-नफा संस्थेने हाती घेतले. ओकलंडच्या चायनाटाउनमधील एक गोदाम समाजासाठी वाचवण्याच्या खटपटीतून ही संस्था १९७५ मध्ये जन्मली होती, त्यामुळे जुन्या वास्तूकडे पाडापाडीच्या नजरेने न पाहण्याची तिला सवय होती. आराखडा वास्तुविशारद मायकल प्याटॉक यांच्या कार्यालयाने केला.

खरा पेच होता इमारतीच्या रुंदीचा. बाजाराला खोल, सलग मजला सोयीचा असतो. दिवे लावून तो दिवसभर चालतो. घराला मात्र खिडकी लागते आणि खिडकीला उजेड. कडेने घरे काढली तर मधला भाग अंधारा राहतो. सगळा मजला खोल्यांनी भरला तर माणसे गुदमरतात. स्वान्समध्ये मधल्या भागावरचे छप्पर काढून टाकले. खालच्या पोलादी कैच्या मात्र तशाच ठेवल्या. कैच्यांच्या जाळीतून आकाश दिसते आणि तिच्याखालच्या पायवाटेकडे घरांची दारे उघडतात. जुन्या वाड्यातला चौक जे काम करी, तेच काम इथे या उघड्या जागेने केले. त्यासाठी विकता आले असते असे क्षेत्रफळ सोडावे लागले. या प्रकल्पातील सर्वांत धाडसाचा आणि सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

सहनिवासाच्या आखणीत स्वयंपाकघराची जागा कळीची मानतात. ओट्याची मोरी सामायिक वाटेकडच्या खिडकीखाली असावी, म्हणजे भांडी घासणाऱ्याला येणारेजाणारे दिसतात, हाक मारता येते, खेळणाऱ्या पोरांवर नजर राहते. निजायच्या खोल्या दुसऱ्या अंगाला गेल्या की एकांतही मिळतो. कोऱ्या जमिनीवर हे सहज साधते. जुन्या इमारतीत मात्र खांब, कैच्या आणि सांडपाण्याचे नळ आधी जागा अडवून बसतात, म्हणून कशावर आग्रह धरायचा आणि काय सोडायचे हे रहिवाशांनी लवकर ठरवावे लागते. वापर बदलला की आग विझवण्याची व्यवस्था, सुटकेचे जिने आणि भूकंपरोधक मजबुती नव्या नियमांत बसवावी लागते. भूकंपप्रवण ओकलंडमध्ये हा खर्च टाळण्याजोगा नव्हता.

वीस कुटुंबांना अख्खी इमारत पेलवली नसती. म्हणून तिथे अल्प उत्पन्नगटासाठी अठरा भाड्याची घरे, दुकाने, खाद्यगृहे, कार्यालये आणि सुरुवातीच्या काळात मुलांचे कलासंग्रहालयही आले. नववा रस्ता लागूनच आहे, तिथे दर शुक्रवारी शेतकरी बाजार भरतो. भुयारी रेल्वेचे स्थानक चालत जाण्याइतके जवळ आहे. बागा आणि मोकळी मैदाने नसलेल्या शहरी सहनिवासाला परिसर असाच अंगण म्हणून वापरावा लागतो. मिश्र वापरामुळे मालकी, देखभालखर्च आणि आवाजाच्या वेळा यांची वाटणी मात्र कागदावर आधीच चोख करावी लागते. या पुनर्वापराला २००१ मध्ये शहरी गुणवत्तेसाठीच्या रूडी ब्रूनर पुरस्काराचे रौप्यपदक मिळाले.

वसाहतीची एक मर्यादा गंभीर आहे. सहनिवासातील घरे खासगी मालकीची असल्याने बाजारभावाने विकली जातात, आणि शहराचा मध्यभाग सुधारला की तो भाव चढतो. अमेरिकेतील १९६८ च्या गृहनिर्माणविषयक कायद्याने वंश, धर्म इत्यादी कारणांवरून ग्राहक नाकारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे नवा शेजारी कोण येणार हे बव्हंशी त्याच्या स्वतःच्या इच्छेवर आणि खिशावर ठरते. भाड्याच्या अठरा घरांना दरनियंत्रणाचे संरक्षण आहे. विकलेल्या वीस घरांना अशी मर्यादा घालणे आराखड्याच्या टप्प्यावरच सोपे असते. नंतर ती लावायला मालकांची संमती लागते.