निवडुंगावरच्या फिंचचे गोत्र

जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून मी वर्षानुवर्षे वर्गात एक गोष्ट रंगवून सांगत असे. तरुण डार्विन गॅलापागोस बेटांवर उतरला, त्याने फिंच पक्ष्यांच्या निरनिराळ्या चोची पाहिल्या आणि तिथेच त्याला उत्क्रांतीचा साक्षात्कार झाला! मुलांना गोष्ट फार आवडे. पुढे इतिहास वाचला, तेव्हा कळले की तसे घडलेच नव्हते.

ही बेटे पॅसिफिक महासागरात, इक्वेडोरच्या पश्चिमेला सुमारे एक हजार किलोमीटरवर आहेत. विषुववृत्तावर असूनही त्यांचा सखल भाग कोरडा, काटेरी झुडपांचा. तिथे निवडुंगावर जगणारा एक फिंच आहे. आपल्याकडे माळावर, बांधावर दिसणारा फड्या निवडुंग त्याच प्रजातीतला. या पक्ष्याचा नर काळा, चोच लांब आणि टोकदार. फुलांतला मध, पराग, गर, बिया, सारे त्याला चालते.

१८३५ च्या सप्टेंबरात ‘बीगल’ जहाज तिथे पोचले. हा पक्षी डार्विनला फिंच वाटलाच नाही. त्याने तो अमेरिकेतल्या ‘इक्टेरस’ या भलत्याच गटात घातला. दुसऱ्या एका चिमुकल्या फिंचला तो ‘रेन’ समजला. शिवाय कोणता फिंच कोणत्या बेटावरचा, हे त्याने नीट टिपून ठेवले नाही.

घोळ सोडवला तो लंडनमध्ये जॉन गूल्ड याने. हा माळ्याचा मुलगा, प्राणिशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात पक्षी पेंढा भरून जतन करणारा. जानेवारी १८३७ मध्ये त्याने जाहीर केले, की हे सारे एकाच गटातले फिंच आहेत आणि शास्त्राला नवे आहेत. निवडुंगावरच्या फिंचला त्याने नाव दिले ‘कॅक्टॉर्निस स्कँडेन्स’. आता डार्विनची धावपळ सुरू झाली. कप्तान फिट्झरॉय आणि स्वतःचा नोकर कव्हिंग्टन यांच्याकडचे पक्षी त्याने पाहिले. त्यांवर बेटांची नोंद होती. मालकाचे राहून गेलेले काम नोकराने केले होते!

१८५९ च्या त्याच्या सुप्रसिद्ध ग्रंथातही या फिंचचा नावाने उल्लेख नाही. त्यांना खरी कीर्ती मिळाली ती डेव्हिड लॅक यांच्या १९४७ च्या पुस्तकाने.

पक्ष्याचे गोत्र मात्र बदलतच राहिले. ‘कॅक्टॉर्निस’ जाऊन ‘जिओस्पायझा’ आले. फिंचच्या कुळातून तो बंटिंगच्या कुळात गेला, आणि डीएनएच्या तपासणीनंतर टॅनेजरच्या. दक्षिण अमेरिकेतला ग्रासक्विट हा मातकट पक्षी या साऱ्यांचा जवळचा आप्त, असे २००१ मध्ये दिसून आले. म्हणजे नावाने फिंच, पण कुळाने नव्हे. २०१५ मध्ये तर दोन बेटांवरचा थोरला निवडुंग-फिंच एकच जात नसून दोन आहेत, असे निघाले.

वर्गीकरण म्हणजे नुसती पाठांतराची नावे, असे माझे विद्यार्थी कुरकुरत, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटे. आज तो धडा शिकवायचा झाला, तर साक्षात्कार मी गाळून टाकीन. सुरुवात करीन ती पक्ष्याच्या पायाला बांधायच्या चिठ्ठीपासून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)