खानदेशच्या वाटेवरचे मुके खून : ठगांच्या तपासाची गोष्ट

#इतिहास_धागा #खानदेश

१/
२०१५ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘अनफर्गॉटन’ ही मालिका सुरू झाली. एका जुन्या इमारतीच्या तळघरात मानवी सांगाडा सापडतो आणि ३९ वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास नव्याने सुरू होतो. विस्मृतीत गेलेला खून, जमिनीतून वर आलेली हाडे, वृद्ध झालेले संशयित. अशा कथांचे आजचे प्रेक्षक जगभर आहेत.

२/
पण खुनानंतर अनेक वर्षांनी हाडे उकरून, जबान्या जुळवून गुन्हेगारांपर्यंत पोहोचण्याचा एक प्रचंड प्रयोग इंग्रजांनी हिंदुस्थानात १८३०च्या दशकातच केला होता. त्यातील काही महत्त्वाची प्रकरणे खानदेशातली, म्हणजे आजच्या जळगाव-धुळे परिसरातली होती. हा धागा त्या तपासाविषयी आहे आणि त्या तपासावर किती विश्वास ठेवावा याविषयीही.

३/
आधी भूमी पाहू. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले. तेव्हाचा खानदेश जिल्हा अवाढव्य होता. मालेगाव १८६९ पर्यंत त्यातच होते, आणि पूर्व व पश्चिम खानदेश अशी विभागणी तर थेट १९०६ मध्ये झाली.

४/
१८०२-०३ च्या धामधुमीने आणि दुष्काळाने हा मुलूख उजाड झाला होता. गावे ओस होती, शेते रानाने गिळली होती. नव्या सरकारचे लक्ष मुख्यतः सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांच्या बंडांकडे होते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे बनले.

५/
डोंगरातले बंड दिसत होते, कारण त्यात आवाज होता. सपाटीवरच्या वाटांवर जे घडत होते त्याला मात्र आवाज नव्हता.

६/
खानदेशातून दोन मोठे मार्ग जात. पहिला मुंबई-आग्रा रस्ता : नाशिक, मालेगाव, धुळे, सोनगीर, शिरपूर आणि पुढे सेंधव्याचा घाट चढून इंदूर. दुसरा त्याहून जुना, सुरत-बुऱ्हाणपूर मार्ग : नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी तापीची सोबत करत जाणारा. मोगल काळात परदेशी प्रवासीही याच वाटेने गेले.

७/
या वाटांवरून माळव्याची अफू आणि वऱ्हाडचा कापूस जाई आणि त्यांच्या मोबदल्याची रोकड उलट दिशेने येई. हुंडीने बराच व्यवहार भागे, पण शेवटी कुठेतरी प्रत्यक्ष नाणे पोहोचवावेच लागे. ते काम ‘रोकडिये’ करत. ही माणसे गरीब वाटसरूचा किंवा यात्रेकरूचा वेश घेऊन, सोने-रुपये कपड्यांत शिवून पायी चालत.

८/
गुप्तता हेच त्यांचे चिलखत होते आणि घात झाला तोही त्या गुप्ततेनेच. ते कोणत्या गावी मुक्कामाला आहेत हे कोणालाच ठाऊक नसे. ते नाहीसे झाले तर सावकाराच्या पेढीवर आठवडे उलटल्यावर शंका येई. प्रेत नाही, आरडाओरडा नाही, साक्षीदार नाही. मग गुन्हा नोंदवायचा कोणी आणि कुठे?

९/
१८२६ ते १८२९ या काळात खानदेशात रोकडियांच्या अनेक तुकड्या अशाच नाहीशा झाल्या. तापीकाठी, मालेगावच्या आसपास, आणखी काही ठिकाणी. प्रत्येक वेळी हजारो रुपये गेले आणि माणसे गेली. मारेकरी स्थानिक नव्हते. ते शेकडो मैलांवरच्या बुंदेलखंडातून, दसऱ्यानंतरच्या कोरड्या हंगामात दक्षिणेकडे उतरलेले ठग होते.

१०/
त्यांची पद्धत नंतरच्या जबान्यांतून स्पष्ट झाली. ‘सोठा’ वाटसरूशी ओळख काढून त्याला सोबतीला घेई. ‘भुर्तोट’ रुमालाने गळा आवळी. ‘लुघा’ आधीच ठरवलेल्या जागी खड्डा खणून ठेवी. खून करण्याच्या जागेला त्यांच्या रामसी बोलीत ‘बेल’ म्हणत आणि सावजाला ‘बनिज’. तंबाखूची साधी मागणी हीच खुणेची आज्ञा असे.

११/
खानदेशातील लुटींचा पहिला चिकाटीचा पाठलाग सावकारांनी केला. उमरावतीचे, म्हणजे आजच्या अमरावतीचे धनराज शेठ हे मोठे सावकार. त्यांची रोकड वारंवार लुटली गेली. त्यांच्या गुमास्त्यांनी बुंदेलखंडापर्यंत माग काढला आणि लुटीचा काही भाग वसूलही केला.

१२/
पण सावकाराला न्यायापेक्षा मुद्दल हवे होते. गुमास्त्यांनी पकडलेल्या ठगांशी तडजोड केली : पैसे परत करा, आम्ही तुम्हाला सोडवतो. मग पैसे फेडण्यासाठी ठगांना पुन्हा वाटेवर उतरण्यावाचून दुसरा धंदा कोणता होता? एका लुटीची भरपाई दुसऱ्या खुनातून होण्याची ही सोय इंग्रज अधिकाऱ्यांना फार खटकली.

१३/
याच सुमारास जबलपूर-सागर प्रांतात विल्यम स्लीमन हा अधिकारी ठगांच्या मागे लागला होता. १८३०च्या अखेरीस त्याच्या हाती फिरंगिया हा नामांकित जमादार आला. तो सहज आला नाही : स्लीमनने आधी त्याची आई, पत्नी आणि मूल ताब्यात घेतले होते. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

१४/
प्राणाच्या मोबदल्यात फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला. सागरजवळ सलोहदा येथील आमराईत स्लीमनचा तंबू होता. फिरंगियाने त्याच परिसरात जुन्या खुनांच्या जागा दाखवल्या. खणल्यावर तेरा सांगाडे निघाले. काही तर ज्या जागेवर साहेबाचे कुटुंब झोपले होते तिच्याच खाली होते.

१५/
इथून तपासाचे यंत्र उभे राहिले. त्याचे टप्पे आजच्या पोलीस-कथेच्या वाचकाला ओळखीचे वाटतील :
• प्रत्येक साक्षीदाराची जबानी स्वतंत्रपणे घेणे
• एकाच घटनेच्या अनेक जबान्या ताडून पाहणे
• सांगितलेल्या जागी खोदकाम
• अनेकांमधून संशयित ओळखायला लावणे
• मृतांचे वारस शोधून वस्तूंची ओळख पटवणे

१६/
शिवाय ठगांच्या वंशावळी आखल्या गेल्या, नावांच्या नोंदवह्या झाल्या, नकाशे झाले. एकट्या अवधच्या रस्त्यांवर २७४ बेल नोंदवल्या गेल्या. एका प्रांतातला गुन्हेगार दुसऱ्या प्रांतातल्या खुनाशी जोडण्याची सोय प्रथमच झाली. खानदेशातील विझलेली प्रकरणेही अशा जबान्यांतून पुन्हा उजेडात आली. १८३६ मध्ये स्लीमनने हा सारा ऐवज ‘रामसीआना’ या ग्रंथात छापला.

१७/
काळाचा मेळ पाहा. लंडनची महानगर पोलीस १८२९ मध्ये स्थापन झाली. तिची गुप्तहेर शाखा १८४२ची. एडगर ॲलन पो याचा दुपाँ, ज्याला आधुनिक कथेतला पहिला गुप्तहेर मानतात, तो १८४१चा. म्हणजे विलायतेत व्यावसायिक गुप्तहेर उभा राहण्यापूर्वीच हिंदुस्थानात वर्षानुवर्षे जुन्या खुनांचे असे पद्धतशीर तपास चालू होते.

१८/
साहित्यानेही ते टिपले. निजामाच्या सेवेतील फिलिप मेडोज टेलर, ज्याचे नाव मराठवाड्यातील नळदुर्गशी जोडलेले आहे, त्याने १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. तिचा निवेदक अमीर अली हा माफीचा साक्षीदारच. सबंध पुस्तक म्हणजे साहेबासमोरची दीर्घ कबुली.

१९/
आता कठीण भाग. न्यायालयाला केवळ साथीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवणे पटत नसे, आणि ते योग्यच होते. सरकारने अडचण वेगळ्या मार्गाने सोडवली. १८३६ चा तिसावा कायदा म्हणतो की जो कोणी कायद्यापूर्वी वा नंतर, कंपनीच्या हद्दीत वा बाहेर, ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होईल त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप.

२०/
या एका वाक्यात दोन उलथापालथी आहेत. पहिली, विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. टोळीचे सदस्यत्व पुरे झाले. दुसरी, कायदा भूतकाळालाही लागू झाला. आणि ‘ठग’ म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हतीच. ती प्रत्यक्षात माफीच्या साक्षीदाराच्या बोटाच्या टोकावर होती.

२१/
त्या साक्षीदाराची स्थिती काय होती? त्याला फाशी टळली होती, सुटका मिळाली नव्हती. माहिती लपवली तर दोर पुन्हा समोर. तेच ते साक्षीदार अनेक खटल्यांत वापरले गेले, आणि जबलपुरात ते एकत्र राहत. ज्याने नावे अधिक दिली तो अधिक उपयोगी. शिवाय फिरंगियासारख्यांचे कुटुंबच सरकारच्या हाती.

२२/
१८२६ ते १८३५ या दशकात दीड हजारांहून अधिक आरोपींवर कारवाई झाली. त्यांतील सुमारे चारशे फासावर गेले आणि त्याहून कितीतरी अधिक काळ्या पाण्यावर. निर्दोष सुटलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी फारच थोडे. कोणत्याही काळातील न्यायव्यवस्थेचे इतके थोडे आरोपी सुटत असतील, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकले पाहिजे.

२३/
मग ठगी ही निव्वळ इंग्रजी कल्पना होती का? काही अभ्यासकांनी तसे सुचवले. पण सांगाडे कल्पनेतले नव्हते आणि धनराज शेठांची बुडालेली रोकडही नव्हती. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये अठराव्या शतकातील माळव्याच्या राजकारणाच्या संदर्भात ठगांकडे पाहिले. किम वॅग्नर यांनी २००७ च्या ग्रंथात स्थानिक जमीनदारांचा आश्रय आणि उपजीविकेचे प्रश्न पुढे आणले.

२४/
या संशोधनातून दिसते ते असे : वाटमारी आणि गळा आवळून केलेले खून खरे होते. पण देशभर पसरलेला, कालीला नरबळी देणारा, जन्मजात खुन्यांचा एकसंध पंथ हे चित्र बरेचसे स्लीमनच्या प्रश्नांनी घडवले. टोळ्यांत हिंदू होते, मुसलमान होते. बेकार शिपाई होते आणि हंगामापुरते येणारे शेतकरीही होते.

२५/
‘जन्मजात’ या शब्दाचे परिणाम पुढे फार दूर गेले. साक्षीदारांची मुलेही जबलपुरात नजरेखाली ठेवली गेली. गुन्हा रक्तात असतो हा समज १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरला आणि १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा देशभर वाढली. हा कलंक कायद्यातून पुसला जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. विमुक्त समाज तो दिवस आजही पाळतात.

२६/
ठग-डकैती खात्याचेही रूपांतर झाले. १९०४ मध्ये त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभाग आला. आणि ‘ठग’ हा शब्द? भारतीय दंड संहितेच्या ३१०व्या कलमाने त्याची व्याख्या केली, आणि तीही कायद्यानंतरच्या कृत्यांपुरतीच. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा हे कलम वगळले गेले.

२७/
एक बाजू मात्र या साऱ्या कागदांत फिकी राहते : मेलेली माणसे. ठग आपल्या खुनांना आकड्यांनी ओळखत. चाळीस जण मारले ते ‘चालीसरूह’. तापीकाठी पुरलेल्या रोकडियांची ओळख जबान्यांत बहुधा इतकीच उरते : किती जण होते, कोणत्या जातीचे दिसत होते, किती रुपये बाळगून होते.

२८/
सावकाराला रक्कम हवी होती, सरकारला कबुली हवी होती, साक्षीदाराला जीव हवा होता. घरी वाट पाहणाऱ्यांना फक्त बातमी हवी होती. तपासाचे श्रेय द्यायचेच तर इथे द्यावे : काही घरांना वर्षांनंतर का होईना, आपला माणूस पळून गेला नव्हता हे कळले. रोकडियाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे, कारण नाहीशा झालेल्या हमालावर पहिला संशय चोरीचाच येतो.

२९/
म्हणून जुना कबुलीजबाब हाती आला की चार प्रश्न विचारावेत. प्रश्न कोणी विचारला? बोलणाऱ्याला बोलण्यातून काय मिळणार होते? हिंदुस्थानीतले बोलणे इंग्रजीत उतरताना काय बदलले? आणि त्या शब्दांना जमिनीतून, हिशेबाच्या वहीतून किंवा दुसऱ्या स्वतंत्र तोंडून दुजोरा मिळतो का?

३०/
सलोहद्याच्या आमराईत हा दुजोरा मातीने दिला. सदस्यत्वाच्या कलमाखाली जन्मठेप भोगलेल्या कित्येकांच्या बाबतीत तो कोणी मागितलाच नाही. एकाच तपासात खऱ्या मारेकऱ्यांना शिक्षा आणि अनोळखी माणसांवर अन्याय हे दोन्ही शेजारी शेजारी घडू शकतात. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळे ते शिरपूर हे अंतर आज तासाभरात कापताना, त्या वाटेखालचा इतिहास असा दुहेरी आहे.

(धागा समाप्त)