सावलीतून रक्तवाहिनी
लिस्बन येथील मज्जातंतुतज्ज्ञ एगास मोनिज यांनी १९२७ साली जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्या क्ष-किरणांच्या चित्रात प्रथम दाखविल्या. मानेतील रोहिणी उघडी करून तीत आयोडीनयुक्त द्राव सोडावयाचा आणि तत्काळ चित्र घ्यावयाचे, अशी ती रीत. त्याआधीच्या प्रयोगांत निराळा द्राव टोचल्यावर एक रुग्ण दगावला होता. एवढे धाडस करून हाती येई ती सावलीच. श्रोत्यांनी दिव्यापुढे धरलेल्या फांदीची भिंतीवरील सावली आठवावी: पुढची डहाळी कोणती, मागची कोणती, हे तीत कळत नाही.

अशा सावल्यांतून मूळ वस्तू परत मिळविण्याचे गणित मात्र १९१७ मध्येच योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने सिद्ध केले होते. वैद्यांच्या कानी ते गेले नाही. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले पदार्थवैज्ञानिक ॲलन कॉरमॅक यांनी तोच प्रश्न, राडोन यांचे कार्य ठाऊक नसता, नव्याने सोडवून १९६३ व १९६४ मध्ये निबंध छापले. त्यांचीही फारशी दखल कोणी घेतली नाही. विद्वानांची कपाटे एकमेकांशी बोलत नाहीत, हेच खरे!

यंत्र उभे केले ते इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात त्यावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला. एका छेदासाठी २८,८०० मापे घेतली जात. अंदाजाने चित्र मांडावयाचे, त्यावरून मापे काय यावीत ते काढावयाचे, खऱ्या मापांशी ताडून चूक दुरुस्त करावयाची आणि पुन्हा तेच. रीत चोख, पण संथ.

त्याच वर्षी जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी दुसरी वाट दाखविली. प्रत्येक सावली आल्या दिशेने मागे पसरीत गेले की चित्र उमटते, पण गढूळ. ठिपक्याभोवती धूसर वलय राहते. यास्तव पसरण्यापूर्वीच प्रत्येक मापातून शेजारच्या मापांचा ठरावीक अंश वजा करावा, म्हणजे धूसरता फिटते आणि कडा स्वच्छ होतात. हिशेब हलका असल्याने या जातीची रीत सर्वत्र रूढ झाली. त्या गाळणीला दोघांच्या नावांचे तुकडे जोडून आजही ‘रॅम-लॅक’ म्हणतात.

रक्तवाहिन्या तरीही हुलकावणी देत राहिल्या. टोचलेले आयोडीन रोहिणीत काही सेकंदच दाट असते आणि पहिल्या यंत्राला कित्येक मिनिटे लागत. १९८९ च्या सुमारास सर्पिल पद्धत आली. नळी अखंड फिरते, रुग्णाची शय्या सरकत राहते, आणि एका छेदाची मापे अलीकडच्या-पलीकडच्या मापांवरून जुळवितात. द्राव हाताच्या शिरेतून दिला तरी पुरू लागला. हृदयाच्या रोहिण्या क्षणभरही स्थिर नसतात. तेथे हृदयाचा विद्युत्-आलेख पाहून, ते त्यातल्या त्यात निवांत असतानाचीच मापे निवडतात.

संगणक वेगवान झाल्यावर, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर, पुन्हा पुन्हा ताडून पाहण्याची जुनी रीत नव्या रूपात परतली. तिच्यामुळे कमी किरणांतही स्वच्छ चित्र मिळते. मात्र फार घोटलेले चित्र गुळगुळीत होते आणि बारीक खुणा पुसल्या जातात. वाहिनीच्या भिंतीतील चुन्याचा थर खऱ्याहून जाड दिसून वाट अधिक अरुंद भासते. अशा वेळी शंका फिटली नाही, तर डॉक्टर आजही रोहिणीत बारीक नळी सरकवून द्राव सोडतात आणि मोनिज यांच्याप्रमाणे सावली पाहतात.