मोहतर्फ्यापासून व्यवसायकरापर्यंत

आमच्या बीड जिल्ह्यांत हल्लीं असे कित्येक तरुण आढळतात कीं, ज्यांना दुकान नाहीं, नोकरी नाहीं. घरच्या माडीवर संगणकापुढें बसून ते पुण्यामुंबईच्या मंडळींचीं कामें करून देतात. अशाच एका माझ्या जुन्या विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, मी कोणाचा नोकर नाहीं; मग माझ्याकडे कर कोणीं आणि कशाबद्दल मागावा?" प्रश्न नवा दिसतो, पण आहे फार जुना.

मराठेशाहीच्या दप्तरांत 'मोहतर्फा' हा शब्द जागोजाग भेटतो. शेतसारा कुणब्याचा, तसा मोहतर्फा उदमी व कारागिरांचा. कोष्ट्यावर तो मागामागें बसे, तेल्यावर घाण्यामागें. वसुली पेठेंतल्या शेटे-महाजनांकडे. मिळकत किती झाली हें कोणी पुसत नसे; हत्यार मोजलें कीं काम झालें. माग बंद पडला असला तरी कर चालूच, असा अन्याय त्यांत होई. पण एक सोय होती, ती ही कीं हिशेब ठेवण्याची जबाबदारी कारागिरावर नव्हती.

ती जबाबदारी प्राप्तिकरानें आणली. १८५७ च्या बंडाळीनें सरकारी तिजोरीस खोक पडली, म्हणून जेम्स विल्सन यांनीं १८६० सालीं ब्रिटिश मुलखांत हा कर बसविला. सालीना २०० ते ५०० रुपये मिळविणारास शेंकडा २ आणि त्यावर शेंकडा ४. स्वतःची मिळकत स्वतः लिहून द्यावयाची, ही कल्पनाच लोकांस विलक्षण वाटली. विल्सनसाहेब त्याच वर्षीं ऑगस्टांत कलकत्त्यास वारले. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत. त्यामुळें आमच्या पूर्वजांस या कराची झळ लागली नाहीं. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा प्राप्तिकर कायदा झाला तो फसली १३५७ सालचा, म्हणजे इ.स. १९४७-४८ चा. पुढें १ एप्रिल १९५० पासून हिंदुस्थानचा १९२२ चा कायदा इकडे लागू झाला. यावरून आमच्या जिल्ह्यास या कराची संवय किती थोड्या पिढ्यांची आहे, हें ध्यानीं येईल.

दुसरा कर मात्र अगदीं आमच्या अंगणांतला. १९७२ च्या दुष्काळांत मी बारा-तेरा वर्षांचा होतों. खडी फोडणारीं माणसें आणि सुकडी वाटप मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्या कामांस पैसा हवा, म्हणून महाराष्ट्रानें १९७५ सालीं व्यवसायकर बसविला आणि तो रोजगार हमीकडे लावला. शहरांतल्या पगारदारानें खेड्यांतल्या मजुराची रोजी भरावी, असा तो विचार. घटनेनें त्याची मर्यादा आज वर्षास २,५०० रुपये ठेविली आहे. नोकरदाराचा तो मालक कापून भरतो. स्वतंत्र धंदेवाइकानें मात्र आपण होऊन नांव नोंदवावयाचें असतें. तें माझ्या विद्यार्थ्यास ठाऊकच नव्हतें.

पण त्याचें खरें नुकसान निराळेंच निघालें. त्याची एका वर्षाची प्राप्ति होती २ लाख ४० हजार. काम देणारी कंपनी दर बिलांतून शेंकडा १० कापून घेई. "कर कापला, म्हणजे आपण मोकळे," असें समजून त्यानें विवरणपत्र भरलेंच नाहीं. वस्तुतः एवढ्या मिळकतीवर त्यास कांहींच देणें नव्हतें. कापलेले २४ हजार त्याचे त्यालाच परत मिळावयाचे होते, पण मागितल्याशिवाय नव्हे. मागण्याची मुदत टळून गेली होती! मी त्यास थोडा रागावलोंही. मग माझ्याच लक्षांत आलें कीं, चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें मीं त्याच्याकडून शेंकड्यांनीं सोडवून घेतलीं, परंतु हें एकदांही सांगितलें नाहीं.

विलंब माफ करावा असा अर्ज आम्ही दोघांनीं बसून लिहिला. यंदाच्या बिलांची वहीही त्यानें घातली आहे. दर रविवारीं ती मला दाखवावयास आणतो. अर्जाचें उत्तर अजून यावयाचें आहे.