सेमेटरी बॉइज

‘सेमेटरी बॉइज’ ही अमेरिकी लेखक एडन थॉमस यांची पहिली कादंबरी सप्टेंबर २०२० मध्ये प्रकाशित झाली. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली ही समलिंगी प्रेमकथा पूर्व लॉस एंजेलिसमधील लॅटिन अमेरिकी वस्तीत घडते.

कथानायक याद्रिएल सोळा वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी अशी झाली. तो मात्र मुलगा आहे. त्याच्या समाजाला मृत्युदेवतेकडून विद्या लाभली आहे. स्त्रिया रोग बरे करतात, तर पुरुष घुटमळणाऱ्या आत्म्यांना परलोकी पोहोचवतात. याद्रिएलला पुरुषांचा संस्कार देण्यास वडीलधारे तयार होत नाहीत. त्यामुळे मारित्सा या नात्यातील बहिणीच्या मदतीने तो हा विधी गुपचूप पार पाडतो आणि देवता त्याचा स्वीकार करते.

याच सुमारास मिगेल या त्याच्या नात्यातील भावाचा मृत्यू होतो; परंतु मृतदेह सापडत नाही. त्याच्या आत्म्याला आवाहन करताना याद्रिएलपुढे प्रकट होतो तो शाळेतील ज्युलियन डियाझ. आपल्या मित्रांची खुशाली कळल्याखेरीज जाण्यास ज्युलियन नकार देतो. शोध पुढे सरकतो तसे दोघांमध्ये प्रेम फुलते. मात्र इहलोकी रेंगाळणारा आत्मा कालांतराने दुष्ट बनतो. साहजिकच, ज्याला निरोप द्यायचा त्यालाच थांबवावेसे वाटणे, हा याद्रिएलपुढील पेच ठरतो.

मृतांचे स्मरण करणाऱ्या ‘दिआ दे मुएर्तोस’ या नोव्हेंबरमधील सणाची पार्श्वभूमी कथेला लाभली आहे. अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या २०२० मधील कुमार साहित्य विभागाच्या प्राथमिक यादीत या कादंबरीचा समावेश होता.