कारखान्याच्या गाडीची बखर

देवगाव फाट्यावर घटकाभर उभे राहिले म्हणजे मंठा-जालन्याकडून येणारी, जिंतूरकडे जाणारी आणि सेलूकडे वळणारी अशी तीन वाटांची वाहने नजरेस पडतात. मोटार-कामगारांच्या संघटनेच्या कामासाठी आमचे आयुष्य अशाच फाट्यांवर गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयांत आणि गॅरेजांत झाले. म्हणून आजच्या व्याख्यानाचा प्रारंभही आम्ही गॅरेजातूनच करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी येथे एक जुनी मालमोटार दुरुस्तीला उभी होती. इंजिन दुसऱ्या गाडीचे, मागचा आस भंगारातून आणलेला, केबिन नवी बांधलेली. मालक मात्र अभिमानाने म्हणत होता, “ही आमच्या वडिलांची गाडी.” मिस्त्री हसून म्हणाला, “मालक, वडिलांचं हिच्यात राहिलंय तरी काय?” मालकाने चासीवरच्या नंबरावर बोट ठेवले आणि वाद मिटला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. गाडीचा एकेक भाग बदलत गेला, तर ती तीच गाडी राहते काय? आणि राहत असेल, तर तिने पूर्वी जिंकलेल्या शर्यतींचे श्रेय कोणाचे? मोटारींच्या शर्यतींचा इतिहास आम्ही वाचू लागलो तो या प्रश्नाच्या पाठीमागे लागून.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. रॅली म्हणजे गोल मैदानावरची धाव नव्हे. ती चालू रस्त्यांवरून, मुक्कामामागून मुक्काम गाठीत व्हावयाची. प्रत्येक नाक्यावर पोहोचण्याची वेळ ठरलेली असते. जितकी मिनिटे उशीर, तितके गुण दंड. ज्याचा दंड कमी तो विजयी. दुसरा शब्द ‘कारखान्याची गाडी’. मोटार बनविणारी कंपनी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या कारागिरांकडून जी गाडी तयार करून स्पर्धेत उतरविते ती ही. वरून ती दुकानातल्या गाडीसारखीच दिसते. परंतु तिचा सांगाडा जागोजाग मजबूत केलेला असतो, इंजिनाखाली दगडांपासून रक्षण करणारा पत्रा असतो, पेट्रोलच्या टाक्या मोठ्या असतात आणि मागे फिरत्या मिस्त्रींचे पथक असते.

अशा गाड्यांचा एक तांडा 1968 साली आपल्या महाराष्ट्रातून गेला. नोव्हेंबर 1967 मध्ये इंग्लंडच्या पौंडाचे अवमूल्यन झाले होते. देशाचे मन खचले होते आणि निर्यात वाढविण्याची निकड होती. अशा वेळी लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ पत्राच्या चालकांनी लंडन ते सिडनी अशी मोटार-स्पर्धा योजिली. पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे होते. सिडनीच्या ‘डेली टेलिग्राफ’ पत्राने ऑस्ट्रेलियाची बाजू सांभाळली. 24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून 98 गाड्या निघाल्या. पॅरिस, तुरीन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली करीत, पुढे मुंबई-आग्रा रस्त्याने त्यांनी मुंबई गाठली. ज्या रस्त्यावर कापसाच्या मालमोटारी आणि बैलगाड्या चालत, त्याच रस्त्याने त्या वर्षीच्या डिसेंबरच्या आरंभी युरोपातले नामांकित चालक, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी, मुंबईकडे धावत होते.

मुंबईच्या बंदरात ‘चुसान’ नावाचे जहाज उभे होते. 72 गाड्या त्यावर चढल्या. त्या वेळी सर्वांत पुढे होता इंग्लंडचा रॉजर क्लार्क, फोर्ड कंपनीच्या लोटस कॉर्टिनात. 5 डिसेंबरला जहाज निघाले आणि 13 तारखेस ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरास लागले. या आठ दिवसांविषयी स्पर्धेच्या वृत्तांतात थोडेच लिहिलेले आढळते. पण आम्ही कामगारांतले असल्यामुळे आमचे लक्ष तेथेच अडखळते. त्या बहात्तर गाड्या मुंबईच्या गोदीतल्या माणसांच्या हातांखालून जहाजावर गेल्या. एखादी गाडी त्यांच्या हातून आपटली असती तर इतिहास निराळा झाला असता. गाड्या सुखरूप पोहोचल्या, म्हणून त्या हातांची आठवण कोणी ठेवली नाही. काम बिघडले म्हणजेच कामगाराचे नाव विचारले जाते, ही रीत जुनीच आहे.

पर्थहून सिडनीकडे जाताना क्लार्कच्या कॉर्टिनाचे इंजिन दुखावले. त्याच कंपनीची दुसरी कॉर्टिना एरिक जॅक्सन चालवीत होता. तिच्या इंजिनाचे हेड काढून क्लार्कच्या गाडीवर बसविले गेले आणि जॅक्सनने आपल्या स्पर्धेवर पाणी सोडले. पुढे क्लार्कच्या गाडीचा मागचा डिफरन्शियल निकामी झाला. रस्त्याकडेला एका वाटसरूची कॉर्टिना उभी होती. त्याची मनधरणी करून तिचा मागचा आस विकत घेतला, तो बसविला आणि क्लार्क सिडनीपर्यंत गेला. त्याचा क्रमांक दहावा लागला. आता सांगा, ती गाडी ‘कारखान्याची’ राहिली होती काय? तिच्यात सहकाऱ्याचे हेड होते आणि एका अनोळखी माणसाचा आस होता. तरीही ती क्लार्कचीच गाडी होती, याविषयी कोणी शंका घेतली नाही.

पुढे आघाडीवर आला बेल्जियमचा लुसियाँ बियांकी, सित्रोएँ गाडीत. सिडनी अगदी आवाक्यात आली असताना नाउरा गावाजवळ, त्याचा सोबती गाडी चालवीत असताना, समोरून आलेल्या एका मिनीशी टक्कर झाली. बियांकी जबर जखमी झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क बीएमसी कंपनीच्या 1800 गाडीत होता. पहिल्या क्रमांकाची आशा त्यालाही होती; पण तो थांबला आणि मदतीस धावला. या धामधुमीत विजय मिळाला तो अँड्र्यू कोवन या स्कॉटिश शेतकऱ्याला. त्याच्यासोबत ब्रायन कॉइल आणि कॉलिन माल्किन होते. त्यांची गाडी हिलमन हंटर. ती बनविणारी रूट्स कंपनी नुकतीच अमेरिकेच्या क्रायस्लरच्या ताब्यात गेली होती आणि तिचा स्पर्धाविभाग मोठ्या कंपन्यांच्या मानाने लहान होता. हंटर मुंबईत पहिली नव्हती आणि वेगाने जिंकेल असेही कोणी मानीत नव्हते. ती जिंकली ती टिकली म्हणून.

कोवनचा एकूण दंड 50 गुण, हॉपकर्कचा 56. सुमारे सोळा हजार किलोमीटरांच्या वाटेवर दोघांत अंतर अवघे सहा मिनिटांचे. पंक्चर झालेले चाक बदलण्यास एवढा वेळ सहज लागतो. कव्हेंट्रीच्या कार्यशाळेत कोणा कारागिराने एक नट अर्धा फेरा कमी आवळला असता, तर ही सहा मिनिटे वाटेत कोठे तरी सांडली असती. चालकाचे कौशल्य आम्ही कमी लेखीत नाही. याच कोवनने 1977 साली लंडन-सिडनी स्पर्धा पुन्हा जिंकली आणि त्या वेळी त्याच्या हाताखाली मर्सिडीझ होती. गाडी बदलली तरी माणूस जिंकला, हे मान्य केलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, विजय तीन माणसांच्या नावे लिहिला गेला आणि तो अनेक माणसांनी घडविला होता.

स्पर्धा संपल्यावर कारखान्याच्या गाडीचे पुढे काय होते? क्वचित एखादी संग्रहालयात जाते. 1964 ची माँटे कार्लो रॅली हॉपकर्कने जिंकली, ती मिनी इंग्लंडात गेडन येथे जपून ठेवली आहे. पण बहुतेक गाड्या पुढच्या हंगामासाठी मोकळ्या करून विकल्या जातात. नवा मालक त्यांना गावठी शर्यतींत पिटाळतो, मग गाडी एखाद्या कोठारात गंजत पडते. तीस-चाळीस वर्षांनी कोणी हौशी माणूस ती उचलतो आणि पुन्हा बांधतो. त्या वेळी पत्रा नवा, तारा नव्या, आसने नवी. अशा गाडीला किंमत येते ती तिच्या स्पर्धेच्या इतिहासामुळे. म्हणून तो हौशी माणूस नोंदणीची कागदपत्रे, नाक्यांवरची वेळपत्रके आणि जुनी छायाचित्रे गोळा करतो. म्हाताऱ्या मिस्त्रींच्या घरी जाऊन विचारतो, “हा जोड तुम्हीच दिलेला काय?” आणि मिस्त्री आपल्या हाताची खूण ओळखतो.

हे काम सोपे नसते, कारण कारखान्यांनीच घोटाळे करून ठेवलेले असतात. ॲबिंग्डन येथील बीएमसीच्या स्पर्धाविभागात एखादा सांगाडा मोडला म्हणजे नवा घेत आणि त्यावर जुनीच नंबरपट्टी चढवीत. म्हणजे एकाच नंबराखाली दोन-तीन शरीरे होऊन गेलेली. फाट्यावरच्या आमच्या मालकाने बोट ठेवले तो चासीचा नंबर तरी पक्का. तेथे तोही आधार डळमळीत.

असाच वाद 1990 साली लंडनच्या न्यायालयात गेला. ती गाडी रॅलीची नव्हती, शर्यतीची होती. पण कारखान्याचीच होती. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात मोठे इंजिन घातले गेले. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या मैदानावर तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. शेवटी तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारा म्हणू लागला की ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी सारा इतिहास तपासला. 1929 च्या गाडीतले जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. तरीही निर्णय असा झाला की, ही ‘ओल्ड नंबर वन’च आहे; कारण बदल एकामागून एक होत गेले, मध्ये कोठे खंड पडला नाही आणि दुसऱ्या कोणत्याही गाडीला ते नाव सांगता येत नाही.

आपल्याकडे ग्रामदैवताच्या रथाचे असेच असते. सुतार दर काही वर्षांनी एक फळी बदलतो, एक चाक बदलतो. आजोबांनी ओढलेल्या रथातले लाकूड नातवाच्या वेळी राहत नाही. पण यात्रेची तिथी तीच, ओढणाऱ्यांचे मान तेच, सुताराचे घराणे तेच. म्हणून रथही तोच. लंडनच्या न्यायमूर्तींनी जे कागद पाहून ठरविले, ते आपले गाव न सांगता जाणते. वस्तू टिकते ती तिच्यावरच्या कामाची साखळी अखंड राहिल्याने.

मग या साखळीतल्या माणसांचे काय झाले? हंटर तयार करणारा कव्हेंट्रीजवळचा रायटनचा कारखाना 2006 साली बंद पडला. तिची बांधणी पुढे ज्या लिनवुडला गेली, तो स्कॉटलंडमधला कारखाना त्याआधीच, 1981 मध्ये बंद झाला होता. ॲबिंग्डनचा 1980 साली गेला. ज्या इराणमधून हंटर धावत आली, त्या देशात तिची बहीण ‘पैकान’ या नावाने 2005 पर्यंत तयार होत होती. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनीची बांधणीही या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली. कारखाने गेले, कामगार पांगले. पण शर्यतीच्या गाडीचा एकेक स्क्रू कोणत्या साली बदलला, हे सांगणारी फाईल कोणा श्रीमंताच्या कपाटात सुरक्षित आहे.

येथे आम्हांस आमचे रोजचे काम आठवते. एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत जुन्या चासीवर नवी बस उभी राहते. तिच्या नंबराखाली सगळ्या नोंदी असतात. पण आमच्याकडे आलेला एक मिस्त्री पंचवीस वर्षे एका खाजगी धन्याच्या गाड्या दुरुस्त करीत होता. धनी वारला, धंदा मोडला आणि उपदानाची वेळ आली तेव्हा त्याने किती वर्षे काम केले याचा एकही कागद निघेना. हजेरीपुस्तक नाही, पगाराची पावती नाही. शेवटी आम्ही गाड्यांच्या जुन्या दुरुस्ती-वह्या शोधल्या. त्यांत गाडीचा नंबर, बदललेला भाग आणि कोपऱ्यात त्याची सही होती. गाड्यांच्या इतिहासातून माणसाचा इतिहास आम्ही जुळविला. दावा पूर्ण मिळाला नाही. काही वर्षांच्या वह्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. मिळाले तेवढे त्या कोपऱ्यातल्या सहीमुळे मिळाले.

म्हणून जुन्या गाड्या जपणाऱ्या हौशी लोकांना आम्ही हसत नाही, त्यांच्याकडून शिकतो. एका मोटारीसाठी ते जेवढी चिकाटी दाखवितात, तिच्या निम्मी जरी आपण आपल्या माणसांसाठी दाखविली, तरी पुष्कळांचे म्हातारपण सुखाचे होईल. श्रोत्यांत गॅरेजवाले आहेत, जिनिंगवाले आहेत, मालमोटारींचे मालक आहेत. त्यांस आमची विनंती आहे. गाडीची वही ठेवता तशी कामगाराचीही ठेवा. आणि कामगारबंधूंनो, हातचे काम संपले की कोपऱ्यात आपली सही करावयास विसरू नका.

त्या मालमोटारीच्या मालकाला आम्ही परवा पुन्हा भेटलो. गाडी चालू आहे. केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूस त्याने रंगाने नावे लिहून घेतली आहेत: वरती वडिलांचे, खाली त्या हसणाऱ्या मिस्त्रीचे.